पाण्याकडं तोंड केलं की उजव्या अंगाला

माघी गणपतीत आमच्या सोसायटीत रात्री मूर्तीपाशी कोणीतरी बसायचं अशी पद्धत आहे. पहिल्या रात्री तरुण पोरं पत्ते, चिवडा, स्पीकर असं सगळं घेऊन उत्साहात बसतात आणि दुसऱ्या रात्रीपासून आमच्यासारखे मधल्या वयाचे आणि झोप न येणारे म्हातारे तेवढे उरतात. यंदा माझ्या जोडीला चौथ्या मजल्यावरचे काका होते. काका मूळचे जावळीकडचे, सातारा जिल्ह्यातले, आयुष्यभर माथाडी, आधी मशीदबंदरला आणि मग बाजार हलला तसे वाशीला. सत्तरी कधीच ओलांडली पण खांदे अजून दारातून तिरके होऊन आत यावे लागतील असे. बोलायला विषय संपले, समईत तेल घालून झालं, भांडुपच्या डोंगराकडून गार वारा यायला लागला होता, मग मी आपला फोन काढला आणि नुकताच वासोटा किल्ल्यावर जाऊन आलो होतो त्याचे फोटो दाखवायला लागलो. तुमच्याकडचंच आहे काका, बघा.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. शिवसागरावरचा, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यावरचा, सूर्योदय त्यांनी एका बोटाने बाजूला सारला. तंबूंची रांग, तीही सारली. वासोट्यावरच्या बाबू कड्याचा फोटो, ज्यावर मला लोकांनी भरभरून लाईक दिले होते, त्यावर एक सेकंद थांबून पुढे. आणि मग एका फोटोवर अडकले जो माझ्याकडून डिलीट करायचाच राहिला होता, म्हणजे माझा मित्र वाटेत वाकून बुटाची लेस बांधतोय, त्याचं डोकं अर्धं कापलेलं, मागे एक दगडी जोतं आणि एका जाड झाडाचा बुंधा. काकांनी दोन बोटांनी तो बुंधा मोठा केला, अजून मोठा केला, अगदी नुसते करडे ठिपके दिसेपर्यंत.

"ह्यो आंबा हाय का रं?"

मी म्हटलं असेल काका, झाडं खूप आहेत तिकडे. ते म्हणाले, "पाण्याकडं तोंड केलं की उजव्या अंगाला येतो का? आन म्हागं वढा?" आता त्या फोटोत पाणी कुठल्या बाजूला होतं ते कोणाला आठवतंय. मी तसं सांगितलं. त्यांनी फोन परत दिला, म्हणाले खोबऱ्या आंबा व्हता आमचा, आणि चहा आणतो म्हणून उठले.

एवढंच झालं.

पण भुंगा लागला डोक्याला. त्याचं कारण आधी कळेना, मग दोन दिवसांनी लोकलमधे उभं असताना एका ट्रेकग्रुपची जाहिरात फोनवर आली, वासोटा जंगल ट्रेक, अस्पर्शित सदाहरित जंगल, बोटिंग, टेंट, कॅम्पफायर, बार्बेक्यू, दादरहून पिकअप. अस्पर्शित. मी त्याच ग्रुपबरोबर गेलो होतो असं नाही पण सगळ्यांच्या जाहिराती सारख्याच असतात, मजकूर बहुतेक एकमेकांचाच ढापलेला असतो. आणि मला तो करड्या ठिपक्यांचा बुंधा आठवला, आणि त्याच्या पुढ्यातलं जोतं, ज्यावर आमच्यातल्या चौघांनी बसून थेपले खाल्ले होते.

मुंबईच्या माणसाचा जंगलाला जायचा एक ठरलेला विधी आहे. शुक्रवारी रात्री ऑफिसची बॅग घरी टाकायची, सॅक उचलायची, दादरला नाहीतर सायनला पुलाखाली उभं राहायचं, बस हमखास उशिरा येणार, कळंबोलीला कोणीतरी शेवटचा चढणार, मग एक्स्प्रेसवेवर एसी इतका गार की सॅकमधलं जॅकेट तिथेच निघतं. खंबाटकीत जाग येते, कान दडतात. साताऱ्यात पहाटे पोहे आणि चहा, तिथून कास रोडने बामणोली. कासचं पठार त्या वेळी निव्वळ पिवळं गवत असतं, फुलांच्या सीझनला जिथे गाड्यांची रांग लागते तिथे एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलेलं असतं, ड्रायव्हर हॉर्न न वाजवता वळसा घालतो. मग घाट उतरता उतरता खाली पाणी दिसायला लागतं आणि बसमधले सगळे एकदम एका बाजूच्या खिडक्यांवर पडतात. हा क्षण मला दर वेळी आवडतो, खोटं कशाला बोलू. कोयना, सोळशी, कांदाटी अशा तीन नद्यांच्या दऱ्या पाण्याने भरलेल्या, डोंगरांच्या सोंडा त्यात बुडालेल्या, वर धुकं. तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणायची पद्धत आहे, मला ते कधीच पटलं नाही, काश्मीरचं काय घेऊन बसलात, जावळी जावळीसारखीच दिसते.

बामणोलीला आधारकार्डाच्या झेरॉक्स, वनखात्याचा परवाना, बोटीची पावती, मग ती डिझेलची बोट. तासा-दीड तासाचा प्रवास. इंजिनाचा आवाज असा की बोलायचं तर कानात ओरडावं लागतं, त्यामुळे थोड्या वेळाने सगळे गप्प होतात आणि तेच बरं असतं. मी बोटीच्या कडेला बसून हात पाण्यात सोडला होता. पाणी बोचरं गार. दर पावसाळ्यात बातम्यांमधे आपण ऐकतो ना कोयना इतकी टीएमसी भरली, 105 ची क्षमता, दरवाजे उघडले, तेच हे पाणी. धरण तिकडे दक्षिणेला देशमुखवाडीजवळ आणि फुगवटा इकडे तापोळ्याच्याही वर. ह्यातलं बरचसं पाणी नदीच्या वाटेने पूर्वेला जातच नाही, बोगद्यातून उलटं पश्चिमेला सह्याद्रीखाली कोकणात उतरतं, पोफळीला टर्बाइन फिरवून वाशिष्ठीला मिळतं. सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॉट. शाळेत आम्हाला ह्यावर प्रश्न यायचा, कोयना प्रकल्प, टिपा लिहा, मार्क 4. बोटीखाली काय आहे हा प्रश्न कधी आला नव्हता.

पलीकडे उतरलं की मेट इंदवली. वनखात्याची चौकी, तिथे सॅक उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं सगळं मोजतात, परत येताना तेवढंच दाखवायचं. चांगली पद्धत आहे आणि ती राबवणारा पोरगा फार गंभीर होता, माझ्या मित्राकडची खोकल्याच्या गोळ्यांची स्ट्रिपसुद्धा त्याने लिहून घेतली. रात्री आत राहायला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत बोटीवर परत. मुक्काम करायचा तो अलीकडच्या काठावर.

आणि मग जंगल. सुरुवातच अशी की दार लावून घेतल्यासारखा उजेड कमी होतो. पहिल्या काही पावलांतच घाम गार पडतो. अंजनी, जांभूळ, पिसा ही इथली खरी मंडळी, फार उंच नाहीत, पण डोक्यावर एकमेकांत अशी गुंतलेली की आकाश फक्त तुकड्यातुकड्याने खाली येतं. मधे हिरडा, फणस, गेळा. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून उतरून जमिनीवर लोळून पुन्हा दुसऱ्यावर चढलेला, आणि त्याची ती हातभराहून लांब शेंग जी बघून आमच्या ग्रुपमधल्या एकाने ही प्रॉप आहे का असं विचारलं होतं. खाली पाचोळ्याचा थर, वरचा कुरकुरीत आणि खालचा ओला, काठी खुपसली की त्याला एक वास येतो, मातीचा नाही आणि सडल्याचाही नाही, कुठल्यातरी जुन्या कपाटात हिरवी पानं ठेवलीत असा काहीतरी. ओढ्यात पाणी कमी, दगडावर शेवाळ, आणि कुठूनतरी शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, तो पक्षी अगदी पहाटे उठलेल्या आळशी मुलासारखी सूर सोडून सोडून शीळ घालतो, गाणं सुरू होतंय असं वाटतं तोवर विसरतो. शेकरू दिसलं, म्हणजे आधी त्याचा खकाटा ऐकू आला आणि मग तांबूस शेपटी. गव्याचं शेण अगदी ताजं होतं, वाटाड्याने पायाच्या अंगठ्याने बघून सांगितलं, सकाळचं आहे, आणि मग पुढची दहा मिनिटं कोणीही मोठ्याने बोललं नाही.

आता हे सगळं हिवाळ्यातलं. पावसात इकडे यायला बंदीच असते, त्यामुळे ह्या जंगलाचं खरं रूप मी बघितलेलं नाही, ते आंबोलीला बघितलंय. आंबोलीत जुलैत रात्री टॉर्च घेऊन फिरणं हा प्रकार ज्याने केला नाही त्याला सांगून कळत नाही. पाऊस पडतोय की ढगातूनच चाललोय ते समजत नाही, चष्म्याला काहीही अर्थ उरत नाही, मोज्यात मीठ नाहीतर तंबाखू चोळून जायचं तरी जळू कुठूनतरी चढतेच आणि ती गळून पडल्यावरच रक्त बघून कळतं. पण एका डबक्यावर वाकलेल्या फांदीवर आम्ही उडत्या बेडकाचं घरटं बघितलं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग म्हणतात तो. मादी फेस घुसळून पानांवर घरटं लावते, बरोब्बर पाण्याच्या वर, आणि पिल्लं तयार झाली की फेस सैल होऊन ती एकेक करून खाली टपकतात. आम्ही अर्धा तास वाकून उभे होतो, एक टपकलं. टप्प. बास. सगळ्यांनी वर्ल्डकप जिंकल्यासारखा दंगा केला. आंबोलीचा स्वतःचा एक टोड आहे, जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही, 2009 साली त्याची शास्त्रात नोंद झाली, आणि हिरण्यकेशीच्या देवळासमोरच्या कुंडात एक छोटासा मासा आहे त्याची तर 2020 मधे. म्हणजे लोक शेकडो वर्षं त्या कुंडाला नमस्कार करतायत आणि त्यातला मासा नवा. भीमाशंकरला पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते, ते मात्र फोटोत जितकं झगझगीत दिसतं तितकं डोळ्याला दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटं टॉर्च बंद करून बसावं लागतं, आणि मुंबईच्या माणसाला पंधरा मिनिटं टॉर्च आणि फोन दोन्ही बंद ठेवायचं म्हणजे काय असतं ते विचारू नका.

सांगायचा मुद्दा, मला ही जंगलं आवडतात. आणि मी ज्या जंगलाच्या तोंडाशी राहतो तेही. आमच्या किचनच्या खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो, 100 चौरस किलोमीटरच्या वर जंगल आणि त्याच्या चारी बाजूंनी आपण. बिबट्या कुठल्यातरी सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसला की ग्रुपवर तोच व्हिडिओ आठवडाभर फिरतो आणि मग लोक विचारतात ह्याला काही बंदोबस्त नाही का. त्या डोंगरात पाडे आहेत, आतले लोक आहेत, त्यांचं काय करायचं ह्याची चर्चा मी मुंबईत आल्यापासून ऐकतोय. मी कधी त्यात पडलो नाही. विहार तलाव 1860 चा, त्याखाली कोणाची शेतं गेली हे भांडुपमधे कोणाला विचारावं, माहीत नाही.

काकांना मी सरळ विचारलं नाही. ते तसे बोलायला बसणाऱ्यातले नाहीत. पण त्या रात्रीनंतर लिफ्टमधे, पाण्याचा टँकर आला की खाली, दुधाच्या लाईनीत, असे तुकडे मिळत गेले. गावात धरणाचं पाणी आलं तेव्हा ते चौथीत होते, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला. खालची भातखाचरं सगळ्यात आधी गेली. "पाणी काय धावत न्हाई आलं, रोज इतकं इतकं" असं म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी दाखवली. पोरांनी काठाला काठ्या रोवल्या होत्या, उद्या कुठवर येतंय बघायला, त्यांना मजाच वाटत होती. मोठी माणसं घराची आढी, वासे, कौलं, पाटे-वरवंटे सगळं वर डोंगराच्या अंगाला वाहून नेत होती. काही जणांना लांब जमिनी मिळाल्या, ठाण्याकडे, रायगडला, सांगलीला, सोलापूरला. धो धो पावसातल्या माणसाला सोलापूर. काकांच्या आज्याने नाही म्हणून सांगितलं आणि ते वर सरकले, तिथे नवीन जोती बांधली, उतारावर नाचणी-वरी. कुडाच्या भिंतींना कारवी. तो आंबा तेव्हाचा नाही, आधीचाच, वरच्या पट्टीवर एकटा उभा होता, त्याच्या आसऱ्याने घर बांधलं. पाण्याकडं तोंड केलं की उजव्या अंगाला.

मग 11 डिसेंबर 1967 ची पहाट. भूकंप. कोयनानगर तर झोपेतच कोसळलं, दीडशेच्या वर माणसं गेली. इकडे काकांच्या घराची एक भिंत बसली. त्यांना आवाजच आठवतो, तो वरून आला असं त्यांना वाटलं होतं, डोंगर सुटला असं. बाहेर आले तर सगळी गुरं दावणीला उभी आणि एकही हंबरत नव्हतं. पुढे दोनेक वर्षांत ते मुंबईला, गावच्या मंडळाच्या खोलीत, लालबागला. एका खोलीत पंचवीस-तीस जण, कोण दिवसपाळीला कोण रातपाळीला, वळकटी एकाची उचलली की दुसऱ्याची पसरायची, जेवण खाणावळीत. माथाडी कायदा 1969 चा, म्हणजे पाठीवर ओझं घेणाऱ्याला पहिल्यांदाच बोर्ड, हजेरी, फंड असं काही मिळायला लागलं त्याच सुमारास काका पोत्याला लागले. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटीलही सातारा जिल्ह्यातलेच, पाटण तालुक्यातले. आपण मुंबईत जो कांदा खाल्ला, जी साखर चहात घातली ती कोणत्या ना कोणत्या सातारकराच्या पाठीवरून आलीय हे मला काकांमुळे पहिल्यांदा नीट कळलं. म्हणजे वीजही तिकडची आणि ती पोतीही.

1985 ला कोयना अभयारण्य झालं. त्यानंतर हळूहळू वर सरकलेली गावंही उठायला लागली, कोणी पैसे घेऊन, कोणी जमीन बघून, कोणी भांडून. काकांचे धाकटे भाऊ शेवटपर्यंत होते. 2010 ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाबरोबर कोयनेचंही नाव लागलं. ह्या सगळ्या तारखा मला आधी माहीत होत्या आणि चांगल्या अर्थाने माहीत होत्या. अजूनही आहेत. कारण माणसं उठली तिथे शेतांच्या पट्ट्यांवर गवत वाढलं आणि त्या गवतावर गवे येतात, भेकरं, सांबरं येतात. झाडांना मोडायला कोणी नाही, कारवी तोडायला कोणी नाही. मी ज्या गारव्यात चाललो तो गारवा, ते गव्याचं सकाळचं शेण, हे त्या उठण्यामुळेच आहे. ह्याचं काय करायचं? मला जंगल हवंय, ते वाढलेलं हवंय, आणि काकांनी बुंधा मोठा करून बघितला ते मला बघवत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यातलं कुठलंही मी सोडायला तयार नाही.

काका मात्र ह्या बाबतीत माझ्यापेक्षा सरळ आहेत. मी एकदा जरा हळहळलो तर म्हणाले, आरं डुकरांनी तसंबी काय ठेवलं नसतं. रातभर मचाणावर बसून डबा वाजवायचा आन सकाळी बघावं तर नाचणी आडवी. दवाखाना बोटीनं. बाईचं बाळंतपण बोटीनं. तुम्हाला झाड दिसतंय, आमाला ती बोट दिसती.

शिमग्याच्या आधी मी पुन्हा गेलो. काकांनी पाठवलं नव्हतं, मीच सांगितलं की जातोय, आंबा बघतो. ते हसले. ह्या वेळी कुठल्या ग्रुपबरोबर नाही, आम्ही तिघेच, आणि मुक्काम काकांच्या पुतण्याच्या टेंटमधे. पुतण्या बामणोलीच्या अलीकडे काठावर कॅम्प चालवतो, शेवटपर्यंत राहिलेल्या त्या भावाचाच मुलगा. पंचविशीतला, डोक्यावर उलटी टोपी, एका हातात वॉकीटॉकी आणि दुसऱ्यात कोंबडी. टेंट निळे-केशरी, आत गादी, चार्जिंग पॉइंट, बाहेर हॅमॉक. शेजारच्या कॅम्पवर पुण्याची एक मोठी गँग होती आणि त्यांचा स्पीकर अकरापर्यंत वाजला, पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे तेव्हा कळतं, पलीकडच्या डोंगराला आपटून तेच गाणं अर्ध्या ठेक्याने मागे परत येत होतं. पुतण्या जाऊन विनंती करून आला. मला म्हणाला, दादा, पोटावर पाय कसा देऊ, ह्यांच्यावरच चाललंय. चुलीवरचा रस्सा जबरदस्त होता, तांदळाची भाकरी, त्याच्या आईने केलेली, आणि काळ्या घेवड्याची आमटी. स्पीकर बंद झाल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला, काठाला लागणारा, अगदी बारीक. दिवसा वारा सुटला होता तो पडला. पहाटे टेंटचं कापड आतून ओलं झालेलं, थेंब नाकावर पडून जाग आली, चेन उघडली तर समोर पाणी नाहीच, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात एका होडीचं इंजिन चालू व्हायचा प्रयत्न करत होतं.

मार्चमधे अंजनी फुलते हे मला माहीत नव्हतं. वासोट्याच्या वाटेवर एका ठिकाणी झाडाच्या फांद्यांना, अगदी जाड फांद्यांनाही, सालीतूनच निळे-जांभळे झुबके फुटले होते, पानाचा संबंध नाही, लाकडाला फूल. एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढं. वाटेवर त्याचा निळा सडा पडलेला आणि त्यावरून मुंग्यांची रांग चाललेली. मी वाकून बघत बसलो तर वाटाडा म्हणाला, चला, अजून वर जायचंय. वाट सोडून आत जायला परवानगी नाही हे त्याने आधीच बजावलं होतं आणि ते योग्यच आहे, एकाने सोडली की दहा जण सोडतात. त्यामुळे आंबा शोधणं म्हणजे वाटेवरून मान लांब करणं. मोहोर मात्र मदतीला होता, उशिराचा, तपकिरी-पिवळा, त्यामुळे हिरव्यात आंबा वेगळा दिसत होता. आणि एकदा दिसायला लागल्यावर आंबे दिसतच गेले. जोत्यापाशी एक. ओढ्याच्या वळणावर एक, त्याला वाळवीने अर्धं खाल्लेलं. वर चढावर दोन जवळजवळ. फणस तर विचारू नका. आणि त्यांच्या आसपास जरा सपाट जागा, दगडाचे बांध पाचोळ्याखाली, एका ठिकाणी तुळशीवृंदावनाचा चौथरा. जानेवारीत मी ह्याच वाटेने गेलो होतो. हे सगळं तिथेच होतं, वाटाड्याला माहीत होतं, पण तेव्हा कोणी विचारलं नव्हतं म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. त्याच्या मामाचं जोतं वाटेत लागतं, तिथून जाताना तो पायाने एक दगड सरळ करून पुढे गेला, चालता चालताच.

मी सगळ्या आंब्यांचे फोटो काढले, पाणी कुठल्या बाजूला आहे ते प्रत्येक वेळी व्हॉइस नोटमधे बोलून ठेवलं. मित्रांनी माझी यथेच्छ टर उडवली.

काकांना दाखवले. दुपारी, त्यांच्याच घरी, टीव्ही चालू होता. त्यांनी एकेक बघितला, वाळवीवाल्यावर च्यक् केलं, चढावरच्या दोघांवर म्हणाले हे घाडग्यांचं असणार, नेहमी भांडायचे. खोबऱ्या यात नाही म्हणाले. मग परत एकदा पहिला बघितला आणि म्हणाले, असंलबी, आता जाड झाला असंल, मी बघितला तवा मला मिठीत यायचा. काकूंनी आतून ओरडून विचारलं, गावलं का झाड? काका म्हणाले, गावलं गावलं. माझ्याकडे बघून डोळा मारला आणि फोन परत दिला, आणि मग बराच वेळ आम्ही वाशीच्या मार्केटातल्या लसणाच्या भावावर बोललो.

पुतण्याचं वेगळंच चाललंय. तिकडे नवीन महाबळेश्वर म्हणून प्रकल्प येतोय, 235 गावांचा आराखडा, पूल, रस्ते, रिसॉर्टं. तापोळ्याकडे पाण्यावर मोठा पूल बांधायचं काम चालू आहे. त्याला हे सगळं हवंय, अगदी मनापासून, आणि त्याचवेळी त्याला धास्ती आहे की मोठे लोक आले की काठावर त्याच्या निळ्या-केशरी टेंटला कोण विचारणार. मला वाटतं, झाडं जाणार. त्याला वाटतं, झाडं जातील की नाही ते नंतर, आधी बाळंतीण बाई बोटीतून न जाता ॲम्ब्युलन्समधून जाईल. ह्यावर मी काय बोलणार, मी आठवड्यातले पाच दिवस एसीत बसून शनिवारी तिकडे दमायला जाणारा माणूस. वाद घातला थोडा, तरी घातला.

गेल्या आठवड्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर एक नकाशा पाठवला, आराखड्यातला म्हणून, त्याच्याकडे तो कुठल्यातरी गावच्या ग्रुपवरून आलेला. म्हणाला, दादा, तुम्ही कॉम्प्युटरवर बघा ना, आमच्या जुन्या जागेवर कुठला रंग मारलाय, हिरवा का पिवळा. फोनवर उघडेना म्हणून ऑफिसमधे उघडला. इतक्या वेळा फॉरवर्ड झालेला की सगळे आकडे विरघळलेले, निळं पाणी तेवढं ओळखू येत होतं. तसं त्याला कळवलं. साताऱ्याला ऑफिसात जाऊन सर्व्हे नंबर काढतो म्हणाला, आणि येताना चांगला प्रिंट काढून आणा, मोठा, ए थ्री. पण शनिवार-रविवार येऊ नका दादा, शाळांना सुट्ट्या लागल्यात, जागा नसते.